तिघांत एक गेज

१८ ऑगस्ट, सोमवार

काम मिळालं. सहा हजार कड्या, आणि त्या युरोपात जाणार. पुण्याच्या कंपनीतून प्रांजलचा फोन आला तेव्हा मी मशिनच्या मागे वाकून तेल कुठून गळतंय ते शोधत होते. 'युरोप' हा शब्द मी केसांना ग्रीस लागलेल्या अवस्थेत ऐकला.

कडी म्हणजे काय ते लिहून ठेवते, नाहीतर पुढच्या वर्षी वाचताना मलाच कळणार नाही. तोफेचा मोठा गोळा चांगला जड असतो. त्याच्या टोकाला भोक असतं. त्या भोकात आटे पाडलेली एक कडी फिरवून बसवतात, कडीत हूक अडकवतात आणि गोळा उचलतात. आम्ही फक्त ती कडी करायची. तिकडे शेजारी युद्ध सुरू झाल्यापासून सगळ्या देशांची गोदामं रिकामी आहेत म्हणे, आणि कड्यासुद्धा कमी पडतात.

तेरा ऑक्टोबरला तपासणी. तोपर्यंत सहा हजार कड्या आमच्या एकट्या शेडला होणार नाहीत. दोन मशिनं, पाच बायका आणि मी. आबांनी शेडच्या चाव्या लेकीच्या हातात देताना सांगितलं होतं, "दिवाळीपर्यंत चालवून दाखव. नाहीतर शेड गोडाऊनवाल्याला देऊ." तो गोडाऊनवाला दर पंधरा दिवसांनी येतो आणि आमच्या भिंती पावलांनी मोजून जातो. जाताना नमस्कारही करतो.

म्हणजे जोडीदार शोधायला हवेत. कुपवाडात मागच्या गल्लीतले रहिमानभाई मुल्ला, आणि उंब्रजचे कृष्णातदादा. गेली नऊ वर्षं आमच्या तिन्ही शेडनी एकाच गिऱ्हाइकाच्या दारात एकमेकींचे भाव पाडले आहेत.

२० ऑगस्ट

नमुन्याची पहिली कडी निघाली. रंगूबाईने ती हातात घेऊन बराच वेळ फिरवली. ती आमच्याकडची सगळ्यात जुनी कामगार. मूळची आटपाडीकडची, घरी अजून शेळ्या आहेत. कुठलीही वस्तू ती आधी दाव्याला बांधता येईल का, या नजरेने बघते.

"ताई, ही कडी गोळ्यासंगं जातीया का?"

"नाही. गोळा तोफेत घालायच्या आधी कडी काढतात."

"म्हंजी कुनाला लागत न्हाई."

"नाही."

"मग करूया."

घरी नवऱ्याला, पृथ्वीराजांना, हे सांगितलं. त्यांची अठरा वर्षं तोफखान्यात गेली. ते म्हणाले, "लागत नाही कसं? मी काढून मागे भिरकावली होती, ती सुभेदारसाहेबांच्या डाळीत पडली." मग सांगितलं की कड्या काढून फेकूनच देतात. ढीग लागतो.

जी वस्तू फेकायचीच आहे तिची जाडी केसाच्या चौथ्या भागाइतकीही चुकता कामा नये, असं कागदावर लिहिलंय. आणि कडीशिवाय गोळा उचलता येत नाही, हे मला माहीत आहे. रंगूबाईची समजूत लवकर पटली. माझी मला अजून घालता आलेली नाही. आज बायका जेवताना दिवाळीला काय घ्यायचं ते बोलत होत्या. मी डबा उघडाच ठेवून ऐकत बसले.

२४ ऑगस्ट, रविवार

कराडला हायवेच्या हॉटेलात आम्ही तिघं भेटलो. प्रत्येकाने दोन हजार कड्या करायच्या. भांडण झालं ते गेजवरून. गेज म्हणजे पोलादाच्या दोन रिंगा, आतून आटे असलेल्या. कडीचे आटे पहिल्या रिंगेत सरळ गेले पाहिजेत आणि दुसरीत जाता कामा नयेत. आमच्या बायका त्यांना 'ये' आणि 'येऊ नको' म्हणतात.

"घरात दोन घड्याळं असली की भांडनं व्हत्यात," रहिमानभाई म्हणाले. "गेज एकच पायजे. तिघांत एक."

"आन ते तुमच्याकडं?" कृष्णातदादांनी विचारलं.

"माझ्याकडं एसी खोली हाय. तुमच्याकडं असंल तर न्या."

"आमच्याकडं हायवेचा वारा हाय की."

शेवटी ठरलं. गेज एकच आणि ते रहिमानभाईंच्या एसी खोलीत. सगळ्यांच्या कड्या तिथेच तपासायच्या आणि त्यांचा निकाल तिघांनी मानायचा. दुसरं गेज कुणी घ्यायचं नाही. कृष्णातदादांनी मिसळीच्या ताटावर हात ठेवून शपथ घेतली.

परत येताना मन भरून आलं होतं. आबांना जे नऊ वर्षांत जमलं नाही ते एका मिसळीत जमलं.

२ सप्टेंबर, मंगळवार

प्रांजल कागद घेऊन आली होती. चार देशांचे चार जाडजूड गठ्ठे. कडी तीच, गोळाही तोच, फक्त कागद वेगळे.

"असं का गं?"

"मॅडम, ते सगळे मित्रदेश आहेत. एकावर हल्ला झाला तर सगळ्यांनी धावून जायचं, असं लेखी ठरलंय. पण तोफ प्रत्येकाला आपल्याच कारखान्यातली हवी. आणि गोदामात किती गोळे आहेत ते कुणी कुणाला सांगत नाही."

"मित्रालाही?"

"मित्राला तर नाहीच. जास्त सांगितले तर तो मागेल. कमी सांगितले तर हसेल."

मी पोट धरून हसले. इतके शिकलेले देश. एकत्र बसून एक माप ठरवायला त्यांना काय होतं? आम्ही कुपवाड-उंब्रजची माणसं, तासाभरात ठरवून मोकळे झालो.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज एक गेज विकत घेतलं.

हा अविश्वास नाही. इथे तरी खरं लिहायला हवं, म्हणून पुन्हा तपासून बघितलं: नाही, अविश्वास नाही. रहिमानभाई भला माणूस आहे. पण आपल्या कड्या त्यांच्या दारात नापास होऊन परत आल्या तर बायकांना वाईट वाटेल. पाठवण्याआधी घरच्या घरी बघून घेतलेलं बरं. वधूपक्ष नाही का मुलीला आधी आरशासमोर उभं करत?

कुरिअरवाला खोकं देताना म्हणाला, "ताई, ह्ये लय चालतंय का सध्या? आसलंच एक आत्ता मुल्लांच्यात दिऊन आलो." रहिमानभाईंचा काहीतरी सुटा भाग असेल.

गेज शेवयांच्या डब्यात ठेवलंय. फक्त रंगूबाईला माहीत आहे.

२१ सप्टेंबर, रविवार

कराडला दुसरी बैठक. किती कड्या झाल्या ते सांगायचं होतं. माझ्या साडेबाराशे झाल्या आहेत, पण मी नऊशे सांगितल्या. उगाच जास्त सांगितलं तर एखाद्याने 'माझ्या वाटच्याही तुम्हीच करा' म्हणायचं. शिवाय मी गुपचूप तीनशे जास्त करायच्या ठरवल्या आहेत. रहिमानभाईंचं एक मशिन जुनं आहे. कमी पडले तर आपण असावं.

गंमत म्हणजे रहिमानभाईंच्याही नऊशेच झाल्यात. कृष्णातदादांच्याही. तिघांची गती इतकी सारखी असेल असं वाटलं नव्हतं.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. मला दसऱ्यापेक्षा ही आवडते. आज मशिनला हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. बायका सकाळपासून नव्या साड्यांत. दोन्ही मशिनं धुऊन पुसून त्यांना झेंडूच्या माळा घातल्या. पाने, पक्कड, फाइली, ड्रिल सगळं पाटावर मांडलं.

रंगूबाईने शेवयांचा डबा आणला आणि गेज मधोमध ठेवलं. "सगळ्यात किमती हत्यार ह्येच हाय. पयला मान ह्येचा." दोन्ही रिंगांना तिने ओल्या हळदीची पाचही बोटं ओढली, आतून बाहेरून, प्रेमाने, तान्ह्या बाळाला तेल लावावं तशी. वर कुंकू, अक्षता, आणि 'ये'च्या भोकात एक सुपारी. मला भरून आलं. आबांच्या काळातही हत्याराला इतकं कुणी जपलं नव्हतं.

२ ऑक्टोबर

दसरा. रहिमानभाई आपट्याची पानं घेऊन आले. "सोनं घ्या ताई, सोन्यावानी ऱ्हावा." गेज अजून पाटावरच होतं. मी त्यावर पटकन टॉवेल टाकला. ते टॉवेलकडे बघून म्हणाले, "देव झाकलाय व्हय?" मी होय म्हणाले. दसऱ्याच्या दिवशी खोटं बोलले. ते गेल्यावर रंगूबाईने रिंगा कोरड्या फडक्याने पुसून डब्यात ठेवल्या.

४ ऑक्टोबर, शनिवार

मागच्या पंधरवड्यात कापून ठेवलेल्या साडेदहाशे कड्यांना आता फक्त आटे पाडायचे आहेत, पण काहीतरी बिघडलंय. एकही कडी 'ये'मध्ये धड जाईना. दोन फेरे जाते आणि अडकते. दसऱ्याआधी लोण्यासारखी जात होती. मशिन एक दिवस थंड राहिलं त्याचा परिणाम असावा. मी मशिनचं माप थोडं बदललं, आटे जरा बारीक केले. तेव्हा कुठे जाऊ लागली.

माझी सावधगिरी कामाला आली. घरचं गेज नसतं तर हे कळलंच नसतं.

८ ऑक्टोबर, बुधवार

दसऱ्यानंतर आटे पाडलेल्या साऱ्या कड्या रहिमानभाईंनी परत पाठवल्या. साडेदहाशे. टेम्पोवाल्याच्या हातात चिठ्ठी: 'सगळ्या ढिल्या. येऊ नको मधी पण जातात.'

मी फोन केला.

"भाई, तुमचं गेज घासलंय."

"ताई, माझं गेज एसीत झोपतं. माझ्यापेक्षा सुखात हाय."

"माझ्याकडे बरोबर लागतात."

"तुमच्याकडं कशात बरोबर लागतात?"

मी फोन ठेवला. म्हणजे ठेवावाच लागला.

आता कळलं. माझा माल नापास करायचा, माझ्या वाटच्या कड्या स्वतः करायच्या आणि पुढचं सगळं काम एकट्याने घ्यायचं. या दोघांवर भरवसा ठेवू नको, असं आबा म्हणायचे ते खरं होतं. दुपारी गोडाऊनवाला येऊन गेला. या वेळी टेप घेऊन आला होता.

९ ऑक्टोबर

गेज घरी आणलं होतं, बनवणाऱ्या कंपनीला पत्र लिहायला. पृथ्वीराज चहा पीत होते. त्यांनी 'ये' उजेडात धरली आणि म्हणाले, "हिला कावीळ झालीय."

मग त्यांनी खिशातला पांढरा रुमाल काढला, पिळून त्याची वात केली आणि रिंगेच्या भोकातून आटे-आटे फिरवत ओढली. तोफेची नळी साफ झाली का ते बघायला फौजेत असंच करतात म्हणे. रुमाल दुसऱ्या बाजूने पिवळा बाहेर आला. वर लाल ठिपके. मग एक तांदळाचा दाणा.

मी रिंगा रॉकेलमध्ये बुडवल्या, जुन्या टूथब्रशने घासल्या. दसऱ्याआधीची एक कडी फिरवली, ती लोण्यासारखी गेली. नंतरची फिरवली, ती आत खुळखुळली.

म्हणजे आधीच्या साडेबाराशे चांगल्या होत्या. आणि नंतरच्याही चांगल्या झाल्या असत्या, जर मी त्या माझ्या हाताने बारीक केल्या नसत्या. साडेसातशे कमी आणि चार दिवस हातात. कडी मुळापासून कापायची तर दिवसरात्र मशिन चालवलं तरी निम्म्याच होतील.

रंगूबाईला सांगितलं तेव्हा ती मशिनजवळ खाली बसली. "माझं नाव सांगा ताई. म्हणावं, अडाणी बाई, हळद भरली."

"पूजेत काही चुकलं नाही, रंगूबाई."

"मग कुठं चुकलं?"

मी डब्याकडे बघितलं. शेवयांच्या डब्यात गेज होतं म्हणूनच आम्ही दोघींखेरीज त्याकडे कुणी बघितलं नव्हतं. रहिमानभाईंकडे ते उघड्यावर होतं, दहा माणसांच्या नजरेखाली.

आजवर मी स्वतःला सरळ समजत आले. डायरीत तरी.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

नमाज झाल्यावर रहिमानभाईंकडे गेले. कृष्णातदादांनाही बोलावून घेतलं होतं. टेबलावर शेवयांचा डबा ठेवला आणि झाकण काढलं. सगळं सांगितलं. हळद, सुपारी, टॉवेल, सगळं. फोनवर बोलले त्याची माफी मागितली.

मला वाटलं, आता दोघं उठतील.

रहिमानभाई उठले खरे. एसी खोलीत गेले आणि कपाटामागून एक खोकं घेऊन आले. आत दुसरं गेज. "सामायिक गेज उद्या कुनीतरी मागून नेलं तर, म्हनून," ते खोक्याकडे बघत म्हणाले. आमचं कुरिअर एकाच गाडीतून आलं होतं.

कृष्णातदादा बाहेर गेले. टेम्पोच्या सीटखालची पान्यांची पेटी आणून त्यांनी टेबलावर उघडली.

"मिसळीवर हात ठेवला होता ना, दादा?" मी म्हणाले.

"मिसळीवर ठिवला हुता. पावावर न्हाई."

एकाच्या ठिकाणी चार गेज. रहिमानभाईंच्या पत्नी जरिनाभाभी चहा घेऊन आल्या, त्यांनी टेबलावरचं प्रदर्शन बघितलं आणि कप खिडकीत ठेवून परत गेल्या.

मग साडेसातशे कड्यांचा प्रश्न. रहिमानभाई घसा साफ करत म्हणाले, "माझ्याकडं साडेचारशे जादा हायती. खरं सांगू का ताई? मला वाटलं, तुमच्याकडं समद्या बायका, नवरात्राचे उपास, कमी पडनार. म्हनून करून ठिवल्या."

मला राग यायला हवा होता. आला पण. पण मी त्याच वाक्यात आभारही मानले, तेव्हा काय म्हणाले ते मलाच नीट आठवत नाही.

"माझ्याकडं चारशे," कृष्णातदादा म्हणाले. "मला तुमा दोघांचाबी भरवसा नव्हता."

कड्या पुरल्या, वर शंभर उरल्या. कृष्णातदादांनी चहा बशीत ओतला. "बगा रहिमानभाई. एकमेकांवर इस्वास ठिवला असता, तर आज तिघंबी बुडालो असतो."

१३ ऑक्टोबर, सोमवार

तपासणीचे साहेब आले. उंच, लालबुंद, बोलायला मऊ. आमच्या गेजकडे त्यांनी बघितलंही नाही. लाकडी पेटीतून स्वतःचं काढलं.

"पाचवं," कृष्णातदादा माझ्या कानाशी म्हणाले.

साहेब मुठीने कड्या उचलत होते, फिरवत होते, ठेवत होते. बायका भिंतीला टेकून उभ्या. रंगूबाईचे ओठ हलत होते. साडेतीन तासांनी त्यांनी सही केली. पास.

नापास कड्या त्यांच्यासमोर कापून भंगारात घालायच्या असा नियम आहे. साडेदहाशेत एक कमी भरली. साहेबांनी दोनदा मोजायला लावल्या. शेवटी प्रांजलने काहीतरी इंग्रजीत समजावलं आणि तो विषय मिटला. ती कडी कुठे आहे ते मला माहीत आहे. रंगूबाईची पांढरी शेळी तिला बांधलेली आहे. पृथ्वीराज म्हणतात, ती शेळी आता कुठलाही मित्रदेश उचलून नेऊ शकतो.

आबांना फोन केला. त्यांनी 'पास' हा शब्द माझ्याकडून दोनदा वदवून घेतला. मग म्हणाले, "गोडाऊनवाल्याला काय सांगू?"

"सांगा, भिंती आम्हालाच लागतात."

जाता जाता प्रांजलने सांगितलं, पुढचं काम आहे. शेजारच्याच मित्रदेशाचं. कडी अगदी तीच, फक्त आटे वेगळे. नवीन गेज लागेल.

२७ ऑक्टोबर, सोमवार

नवं गेज आलं. तिघांत एक, आणि या वेळी खरोखर एक. रहिमानभाईंच्या एसी खोलीत लोखंडी कपाट बसवलं, त्याला तीन कड्या-कोयंडे आणि तीन कुलपं. प्रत्येकाकडे एक चावी. दर सोमवारी तिघांनी जमून उघडायचं. कुलपं मी आणली, सांगलीत गणपती पेठेतून, एकाच पुडक्यातली, छान पितळी.

कृष्णातदादा आता शपथ घेत नाहीत. जरिनाभाभी मिसळ आणून ठेवतात आणि म्हणतात, "पावासकट हात ठेवा."

३ नोव्हेंबर, सोमवार

आज मी लवकर पोचले. दोघं यायचे होते. आपलं कुलूप उघडून ठेवावं म्हणून चावी लावली, कुलूप निघालं, आणि बघते तर ते कृष्णातदादांचं. मधलं. मग गंमत म्हणून रहिमानभाईंच्या कुलपाला लावून बघितली. तेही उघडलं, मग माझंही. पुडक्यातल्या तिन्ही कुलपांची चावी एकच होती.

कपाटाचं दार माझ्यासमोर नुसतं लोटलेलं होतं. मी ते उघडलं नाही. तिन्ही कुलपं परत लावली, व्हरांड्यात येऊन बसले आणि दोघांची वाट बघितली.

ते आले. आम्ही तिघांनी गंभीर चेहऱ्यांनी आपापली चावी काढली, आपापलं कुलूप उघडलं. आत गेजला ताजं तेल लावलेलं होतं, आटे-आटे, व्यवस्थित. गेल्या सोमवारी ते कोरडंच ठेवलं होतं.

मी रहिमानभाईंकडे बघितलं. ते कृष्णातदादांकडे बघत होते. कृष्णातदादा छताकडे.

"हवा दमट हाय," रहिमानभाई म्हणाले.

"व्हय," कृष्णातदादा म्हणाले.

"हो, खूपच," मी म्हणाले, आणि आम्ही कामाला लागलो.